जपानमध्ये पहिल्यांदा काबुकी बघायला जाताना

काबुकीचं, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकाचं, तिकीट काढण्याआधी एक काम करा. ज्या दिवशी जाणार त्या दिवशी कोणता खेळ आहे ते बघा, आणि त्याची गोष्ट शेवटासकट वाचून काढा. शेवट कळला तर मजा जाईल, ही भीती इथे नको. शेजारच्या खुर्चीवरच्या जपानी आजींना तो शेवट लहानपणापासून माहीत असतो. सत्तेचाळीस सामुराईंच्या सूडाची गोष्ट सांगणारं ‘कानादेहोन चुशिंगुरा’ १७४८ साली रंगमंचावर आलं आणि अजूनही त्याला गर्दी होते. ही गर्दी पुढे काय होणार हे कळावं म्हणून येत नाही. ठरलेला क्षण आजचा नट कसा उभा करतो, ते बघायला येते.

‘जपानी येत नाही, मग जाऊन काय कळणार?’ हा प्रश्न म्हणूनच फारसा अडवत नाही. काबुकीतली जुनी भाषा आजच्या जपानी माणसालाही सहज कळत नाही. त्यांच्यातलेही कितीतरी जण कानात यंत्र लावून खेळासोबतचं निवेदन ऐकत असतात. गोष्ट वाचून गेलेला परदेशी पाहुणा आणि न वाचता आलेला टोकियोचा तरुण यांच्यात पाहुण्याचीच बाजू वरचढ असते, असं मी खात्रीने म्हणेन.

समोर काय असणार आहे

१६०३च्या सुमारास क्योतोमध्ये, कामो नदीच्या पात्राकाठी, इझुमो नो ओकुनी नावाच्या स्त्रीने नाचाचे आणि सोंगांचे खेळ सुरू केले. काबुकीचा उगम तिथला. लोक वेडे झाले, आणि सरकार अस्वस्थ. १६२९ साली शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, राजवटीने स्त्रियांना रंगमंचावर यायला बंदी घातली. त्यांच्या जागी किशोरवयीन मुलं आली, तर १६५२ साली त्यांच्यावरही बंदी आली. उरले प्रौढ पुरुष. तेव्हापासून स्त्री-भूमिकाही पुरुषच करतात आणि त्या करणाऱ्या नटाला ओन्नागाता म्हणतात.

खेळांचे ढोबळ तीन प्रकार लक्षात ठेवले की पुरे. सरदार-सामुराईंच्या ऐतिहासिक कथा म्हणजे जिदाइमोनो, व्यापारी-कारागीर अशा शहरी माणसांच्या कथा म्हणजे सेवामोनो, आणि नृत्यप्रधान खेळ म्हणजे शोसागोतो. एका कार्यक्रमात बहुतेकदा यांची सरमिसळ असते. एखाद्या लांबलचक जुन्या नाटकाचा मधलाच एखादा गाजलेला अंक, मग एक नृत्य, मग आणखी एखादी छोटी गोष्ट. मधला अंक सुरू होताना मागचं काही कोणी समजावून सांगत नाही. गोष्ट वाचून जा असं मी म्हणतो ते याचसाठी.

कुठे आणि कधी

टोकियोला जाणार असाल तर गिंझातलं काबुकी-झा. हे काबुकीचं मुख्य नाट्यगृह १८८९ साली सुरू झालं. आग, भूकंप, युद्ध यांतून ते पुन्हा पुन्हा बांधलं गेलं. आजची इमारत २०१३ सालची, वास्तुरचनाकार केंगो कुमा यांची. दर्शनी भाग जुन्या वळणाचा ठेवून मागे २९ मजली मनोरा उभा केला आहे. भुयारी रेल्वेचं हिगाशी-गिंझा स्थानक थेट इमारतीच्या तळघराला जोडलेलं आहे, त्यामुळे पावसातही भिजायला होत नाही. या स्थानकावरून जाणाऱ्या आसाकुसा मार्गावर नारिता आणि हानेदा या दोन्ही विमानतळांकडून येणाऱ्या थेट गाड्या असतात. सामान हॉटेलात टाकून संध्याकाळचा खेळ गाठायचा असेल तर हे उपयोगी पडतं.

काबुकी-झामध्ये जवळजवळ वर्षभर दर महिन्याला नवा कार्यक्रम लागतो. महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो सुरू होतो आणि साधारण पंचवीस दिवस चालतो. मधे एखाद-दोन दिवस सुट्टी असते, आणि महिनाअखेरीला नव्या कार्यक्रमाच्या तालमींसाठी नाट्यगृह बंद असतं. प्रवासाच्या तारखा ठरवताना हा शेवटचा आठवडा टाळा. एरवी रोज दोन सत्रं असतात: एक सकाळी ११च्या सुमाराला सुरू होणारं, दुसरं दुपारी चार-साडेचारला. दोन्ही सत्रांत वेगवेगळे खेळ असतात.

क्योतोमध्ये मिनामी-झा आहे, गिओन-शिजो स्थानकाला लागून, कामो नदीच्या काठावर. रस्त्यापलीकडे, नदीच्या याच काठावर ओकुनीचा पुतळा आहे. इथला डिसेंबरचा ‘काओमिसे’ म्हणजे वर्षातला मोठा सोहळा. त्या वेळी नटांची नावं जाड, ठसठशीत अक्षरांत लिहिलेल्या लाकडी पाट्या नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर ओळीने लागतात. तिकीट मिळालं नाही तरी त्या पाट्या रस्त्यावरून बघून या.

टोकियोचं राष्ट्रीय नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस बंद झालं. जुन्या प्रवासपुस्तकांत त्याचं नाव ठळकपणे असतं, म्हणून हे सांगितलं. त्या संस्थेचे काबुकी प्रयोग आता शहरातल्या इतर नाट्यगृहांत होतात. जून-जुलैच्या सुमाराला जाणार असाल तर त्यांचे नवशिक्यांसाठीचे प्रयोग मुद्दाम शोधा. त्यांत आधी एखादा नट रंगमंचावर येऊन काबुकी कशी चालते ते दाखवतो आणि मग खेळ होतो. पहिल्या वेळेला याच्याइतकं चांगलं काही नाही.

एक अंक की पूर्ण सत्र?

पूर्ण सत्र मध्यंतरं धरून चार तासांच्या आसपास जातं. जपानमध्ये पाचच दिवस असतील, सोबत लहान मुलं असतील किंवा आपल्याला हे आवडेल की नाही याची खात्री नसेल, तर काबुकी-झाच्या चौथ्या मजल्यावरून एकच अंक बघता येतो. याला हितोमाकुमी म्हणतात. तिकीट साधारण हजार-दोन हजार येन, अंकाच्या लांबीप्रमाणे. वर जायचं दारही वेगळं आहे: मुख्य दाराच्या डावीकडे, तिथून उद्वाहनाने थेट चौथा मजला. या तिकिटावर खालच्या मजल्यांवर जाता येत नाही. नट लांब दिसतात, त्यामुळे दुर्बीण जवळ हवीच. पण रंगमंच अख्खा दिसतो, आणि हे नाट्यगृह रुंद आहे. रंगमंचच सुमारे २७ मीटर रुंद आहे आणि त्या रुंदीवर रंगांची जी मांडणी असते ती वरून फार सुंदर दिसते.

तरी माझं मत विचाराल तर, वेळ असेल तर पूर्ण सत्रच बघा. एका अंकात काबुकीचा एकच चेहरा दिसतो. सत्रात आधी गंभीर, मग नाच, मग हलकं असं चढत-उतरत जातं, आणि मध्यंतरात डबे उघडणारे, नटांविषयी भांडणारे प्रेक्षक दिसतात. तोही काबुकीचाच भाग आहे.

तिकीट

काबुकी-झा शोचिकू ही कंपनी चालवते, आणि तिच्या इंग्रजी संकेतस्थळावरून परदेशी कार्डाने तिकीट काढता येतं. पुढच्या महिन्याची विक्री आदल्या महिन्याच्या मध्याला, जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता उघडते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. गाजलेला नट असेल किंवा कोणा नटाने घराण्यातलं जुनं नाव धारण करण्याचा समारंभ असेल, तर गजर लावूनच उठा. ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड प्रवासात बरोबर ठेवा. नाट्यगृहातल्या यंत्रातून छापील तिकीट घेताना ते लागतं.

एका अंकाची तिकिटं मात्र आदल्या दिवशी दुपारी बारापासून ऑनलाइन निघतात, म्हणजे आपल्या साडेआठला. बिनक्रमांकाच्या थोड्या जागा खेळाच्या दिवशी नाट्यगृहावर मिळतात.

कुठे बसावं

पहिल्या मजल्यावरच्या चांगल्या जागा पंधरा-वीस हजार येनच्या घरात जातात, तिसऱ्या मजल्यावरच्या चार ते सहा हजारांच्या आसपास मिळतात. जाणते प्रेक्षक पहिल्या मजल्यावरची सातवी ते नववी रांग सगळ्यांत चांगली मानतात. पण जागा निवडताना अंतरापेक्षा हानामिची जास्त महत्त्वाची.

प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकापासून रंगमंचापर्यंत, खुर्च्यांच्या मधून एक लांब चिंचोळा रंगमार्ग जातो. तो हानामिची. मोठी पात्रं याच वाटेने येतात आणि जातात. रंगमंचाकडच्या टोकापासून थोड्या अंतरावर एक ठरलेली जागा आहे, तिथे थांबून नट आपलं सगळं बळ दाखवतो. याच ठिकाणी एक छोटा सरकता चौकोनही असतो, त्यातून पात्र जमिनीखालून वर येतं. तिथून वर येणारं पात्र भूत, मायावी किंवा जादूगार असतं. साधा माणूस त्या वाटेने येत नाही. संवाद न कळताही कोण आलं आहे ते तुम्हाला त्यावरूनच कळेल.

तेव्हा पैसे खर्च करायचे असतील तर पहिल्या मजल्यावर हानामिचीच्या उजवीकडची, तिच्यापासून फार लांब नसलेली जागा घ्या. स्वस्तात जायचं असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या मधल्या जागा. वरच्या मजल्यांवरच्या डाव्या भिंतीलगतच्या जागा टाळा. हानामिची त्यांच्या थेट खाली येते आणि नेमका तोच भाग दिसत नाही.

पहिला खेळ कोणता निवडावा

सल्ला मागणाऱ्याला मी नेहमी नाच किंवा आरागोतो सुचवतो. आरागोतो म्हणजे रांगड्या, महाकाय वीरांची अतिशयोक्त शैली. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, पहिल्या इचिकावा दांजुरोने ती रुजवली. याउलट क्योतो-ओसाकाकडे पहिल्या साकाता तोजुरोने कोमल, प्रेमात हरवलेल्या तरुणांची वागोतो शैली घडवली. वागोतोतली गंमत बोलण्याच्या लकबीत जास्त असते, म्हणून ती पुढच्या वेळेसाठी ठेवा.

नाचात ‘फुजिमुसुमे’ लागलेलं दिसलं तर विचार न करता तिकीट काढा. आधी पूर्ण अंधार. मग एका क्षणात दिवे लागतात आणि समोर भलंमोठं झाड, त्यावरून लोंबणारे जांभळ्या विस्टेरिया फुलांचे घोस, आणि झाडाखाली एक मुलगी. प्रेक्षागृहातून ‘आहा’ उमटतेच. या मांडणीत झाड मुद्दाम अवाढव्य केलं आहे, त्यामुळे पुरुष नट मुलीइतका नाजूक वाटतो. सहावे ओनोए किकुगोरो यांनी १९३७ साली हे नेपथ्य आणलं. ‘रेंजिशी’ हाही तसाच सोपा आणि जोरकस खेळ: सिंह आपल्या छाव्याला दरीत ढकलतो, तो चढून परत येतो, आणि शेवटी पांढऱ्या आयाळीचा बाप आणि लाल आयाळीचा छावा त्या लांबलचक आयाळी गरागरा फिरवतात. अनेकदा खऱ्या आयुष्यातले बाप-लेकच या भूमिका करतात, आणि ते माहीत असलं की दरीचा प्रसंग वेगळाच लागतो.

पहिल्याच वेळी ‘तेराकोया’ नको. ‘सुगावारा देंजु तेनाराइ कागामी’ या १७४६च्या नाटकातला हा अंक काबुकीतल्या सर्वोत्तम अंकांपैकी आहे. पण तो एका मुलाच्या बळीचा, अतिशय जड अंक आहे, आणि त्यातलं सगळं दुःख न बोललेल्या शब्दांत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला बघा, आणि तेव्हा मात्र नक्की बघा.

आणि ‘कांजिंचो’ लागलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

‘कांजिंचो’ कसं बघावं

हा खेळ १८४० साली सातव्या दांजुरोने पहिल्यांदा केला. नोह या काबुकीहून जुन्या नाट्यप्रकारातल्या ‘आताका’ या नाटकावर तो बेतलेला आहे, म्हणून रंगमंचावर सजावट जवळजवळ नाही: मागे नोह रंगमंचासारखा एक भला थोरला पाइन वृक्ष रंगवलेला आणि त्याच्या पुढे लाल कापडाच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेले गायक-वादक. साधारण सव्वा तासाचा खेळ.

गोष्ट अशी. सेनापती योशित्सुनेवर त्याच्या सत्ताधारी भावाची, योरितोमोची, मर्जी फिरली आहे आणि तो जीव वाचवून उत्तरेकडे निघाला आहे. बरोबर थोडे विश्वासू लोक. सगळ्यांनी डोंगरी संन्याशांचा वेश घेतला आहे, आणि योशित्सुने स्वतः त्यांचा ओझं वाहणारा हमाल झाला आहे. आताकाच्या नाक्यावर तोगाशी नावाचा अधिकारी त्यांना अडवतो. टोळीचा म्होरक्या बेंकेई सांगतो, आम्ही नाराच्या तोदाइ-जी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देणग्या गोळा करतो. तोगाशी म्हणतो, मग देणगीचं आवाहनपत्र असेलच, वाचून दाखवा.

पत्र नाही. बेंकेई एक कोरी गुंडाळी उघडतो आणि धीरगंभीर आवाजात, न अडखळता, वाचायला लागतो. इथे तोगाशीच्या पायांकडे बघा. तो हळूच सरकतो, कागदात डोकावायला. बेंकेई ते ओळखतो, गुंडाळी छातीशी ओढतो, आणि दोघेही एका क्षणी थिजतात. नटाने सगळी ताकद एका ठाम मुद्रेत गोठवायची, या क्षणाला मिए म्हणतात. काबुकीचा प्राण तिथे आहे. त्यानंतर संन्यासधर्माविषयी सवाल-जवाब सुरू होतात. एकही शब्द कळला नाही तरी हरकत नाही. प्रश्न-उत्तरांमधलं अंतर कमी कमी होत जातं आणि शेवटी दोन आवाज एकमेकांवर चढतात, ते ऐका.

नाका सुटणार, इतक्यात एका शिपायाला हमालाचा चेहरा ओळखीचा वाटतो. आता एकच उपाय उरतो. बेंकेई हातातली काठी उचलतो आणि स्वतःच्या धन्याला मारतो. कोणता सेवक असं करेल? तोगाशीला त्याच क्षणी सगळं कळतं. हाच योशित्सुने. आणि तरीही तो त्यांना सोडतो, स्वतःच्या जिवावर उदार होऊन. चेहरा वर करून, डोळ्यांतलं पाणी खाली पडू न देता तो आत जातो. काही नट ही जागा इतकी लहान ठेवतात की पाहणाऱ्याचं लक्ष नसेल तर निसटून जाते. म्हणूनच सांगतो, गोष्ट आधी वाचा.

पुढे धनी सेवकाकडे हात पुढे करतो, आयुष्यात कधी न रडलेला बेंकेई रडतो, तोगाशी परत येऊन साके पाजतो, बेंकेई नाचतो आणि नाचता नाचता बाकीच्यांना निघायची खूण करतो. सगळ्यांत शेवटी पडदा बंद होतो. उठू नका! बेंकेई पडद्याच्या अलीकडे, हानामिचीवर एकटा उरलेला असतो. तो वाकून नमस्कार करतो, मग एका पायावर उड्या घेत, हातपाय फेकत, त्या वाटेवरून धडधडत निघून जातो. यालाच उडता रोप्पो म्हणतात, आणि लोक याच्यासाठी तिकीट काढतात.

कान आणि डोळे कुठे ठेवायचे

खेळ सुरू होण्याआधी लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतो, आधी सावकाश, मग भराभर. काळ्या, शेंदरी-तपकिरी आणि हिरव्या पट्ट्यांचा पडदा बाजूला सरकतो. रंगमंचाच्या उजव्या कडेला जमिनीवर बसलेला एक माणूस फळीवर लाकडं आपटत असतो. धावणं, झटापट, मिए, हे सगळं त्याच्या ठोक्यांनी ठळक होतं. या ठोक्यांना त्सुके म्हणतात. आणि मागून धातूच्या कड्यांचा ‘चारिन्’ असा आवाज आला की मान वळवा. हानामिचीच्या टोकाचा पडदा उघडला आहे, कोणीतरी येतंय.

पूर्ण काळ्या कपड्यांतली माणसं रंगमंचावर वावरताना दिसतील. ते कुरोगो, नटांचे मदतनीस. ते दिसतच नाहीत असं मानायचा संकेत आहे, आणि दहा मिनिटांत ते खरोखर दिसेनासे होतात. नाचात हेच काम औपचारिक पोशाखातले सहायक करतात. नटाच्या किमोनोचे टाके ते पाठीमागून हळूच काढत असतात, आणि मग एका झटक्यात अख्खा किमोनो उतरून खालचा दुसरा रंग समोर येतो. मदतनिसाचे हात नटाच्या खांद्याशी गेले की पापणी लवू देऊ नका.

चेहऱ्यावर रंगांचे पट्टे असतील तर त्यांना कुमादोरी म्हणतात. लाल रंग शौर्याचा आणि न्यायाच्या बाजूचा, निळा दुष्टाचा, तपकिरी राक्षसा-पिशाच्चांचा. फिरता रंगमंच जगात सगळ्यांत आधी आपल्याकडे आला, याचाही जपानला अभिमान आहे: ओसाकात नामिकी शोझो यांनी १७५८ साली तो वापरला. देखावा डोळ्यांसमोर वळून घराची पुढची बाजू जाऊन मागची येते तेव्हा आजही टाळी पडते.

आणि ओन्नागाता. बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला पुरुषाने स्त्री-भूमिका करणं नवं नाही. पण आपल्याकडे ती परंपरा मुख्य रंगभूमीवरून मागे पडली, तिथे ती जिवंत आहे, बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जाते आहे. पाचवे बांदो तामासाबुरो यांना २०१२ साली जिवंत राष्ट्रीय ठेवा हा मान मिळाला. त्यांचं नाव कार्यक्रमात असेल तर खेळ कोणता आहे हे बघायच्याही आधी तिकीट काढा. चेहऱ्यापेक्षा त्यांच्या पाठीकडे आणि मानेकडे बघत राहा. गुडघे जवळ, खांदे मागे खाली ओढलेले, मान किंचित कललेली. यातून जी स्त्री उभी राहते ती कुठल्याही खऱ्या बाईची नक्कल नसते.

त्या दिवशी

अर्धा तास आधी पोहोचा. कपड्यांचा काही नियम नाही. किमोनो नेसलेल्या बायका दिसतील आणि जीन्समधली मुलंही. टोपी आणि उंच बांधलेला अंबाडा मात्र नको, मागच्याला दिसत नाही. मोठ्या बॅगा आत नेण्यापेक्षा तळघरातल्या नाणी टाकून वापरायच्या कपाटांत ठेवा. दुर्बीण भाड्याने मिळते. इंग्रजी उपशीर्षकांची सोय त्या महिन्याच्या खेळाला कशी आहे ते तिकिटाच्या वेळीच बघून ठेवा, आणि ती असेल तर घ्या. फक्त डोळे सारखे त्या छोट्या पडद्यावर ठेवू नका. गोष्ट माहीत आहे ना? मग अधूनमधून एक नजर पुरते.

जेवणाचं मात्र शाकाहारी मंडळींनी मनावर घ्यावं. मध्यंतर बहुतेकदा अर्ध्या तासाचं असतं आणि लोक जागेवर बसूनच डबा खातात. माकुनोउची बेंतो हा डबा नाट्यगृहातल्या मध्यंतरातूनच प्रसिद्ध झाला. पण त्यात मासे असतात, आणि ज्या भाज्या शाकाहारी दिसतात त्याही बऱ्याचदा माशाच्या अर्कात शिजवलेल्या असतात. तेव्हा बाहेरच्या दुकानातून उमेबोशी घातलेला, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा भातगोळा घ्या, बरोबर फळं, शेंगदाणे, किंवा घरून नेलेले मेथीचे ठेपले. तिसऱ्या मजल्यावर मिळणारी माशाच्या आकाराची गरम पोळी, मेदेताइ-याकी, आकारानेच मासा आहे. आत लाल चवळीसारख्या बियांचं गोड पुरण आणि लाल-पांढरे तांदळाचे गोळे असतात. अंडं न खाणाऱ्यांनी पिठाविषयी विचारून घ्यावं. रांग मोठी होते, त्यामुळे मध्यंतर होताच आधी तिकडे वळा.

तिकीट नसलं तरी तळघरातला कोबिकिचो बाजार आणि पाचव्या मजल्यावरची छोटी बाग सगळ्यांना खुली आहे.

वागणुकीच्या चार गोष्टी

फोन पूर्ण बंद करा; आवाज बंद करून भागत नाही, कारण अंधारातला पडद्याचा उजेड वरच्या मजल्यांना दिसतो. फोटो, चित्रण अजिबात नाही. खुर्चीत पाठ टेकून बसा. पुढे वाकलात तर मागच्या माणसाला रंगमंच दिसत नाही, आणि वरच्या मजल्यांवर तर हा नियम काटेकोर पाळला जातो. हानामिचीवर काही बघण्यासाठीही वाकू नका.

मधेच वरून कोणीतरी खणखणीत आवाजात ‘नारिताया!’ किंवा ‘ओतोवाया!’ असं ओरडेल. ती नटाच्या घराण्याची हाक: दांजुरोंचं घराणं नारिताया, किकुगोरोंचं ओतोवाया, तामासाबुरोंचं यामातोया. मिएच्या नेमक्या क्षणी, ठोक्याच्या जागेवर ही हाक पडावी लागते. ती देणारे बहुतेक वर्षानुवर्षं येणारे रसिक असतात आणि मागच्या, वरच्या जागांवर बसतात. मोह झाला तरी आपण देऊ नये. क्षणभर उशीर झाला तर नटाचा आणि सगळ्या प्रेक्षागृहाचा तो क्षण बिघडतो. टाळ्या मात्र मनापासून वाजवा: नट हानामिचीवर आला की, मिएला आणि पडदा पडताना.

खेळ संपल्यावर सगळे नट ओळीने येऊन वाकतील म्हणून वाट पाहत थांबू नका. काबुकीत तशी रीत नाही. पडदा मिटला, दिवे लागले, की लोक शांतपणे उठून निघतात.

आवडलं तर पुढे

शिकोकू बेटावर कागावा प्रांतात कोतोहिरा नावाचं गाव आहे. तिथे १८३५ साली बांधलेलं कानामारु-झा हे जपानमधलं सगळ्यांत जुनं टिकून राहिलेलं काबुकी नाट्यगृह आहे. प्रेक्षक जमिनीवर, लाकडी पट्ट्यांनी आखलेल्या चौकोनांत बसतात. खिडक्यांची झापं उघड-बंद करून उजेड कमी-जास्त करतात, आणि फिरता रंगमंच तळघरात माणसं ढकलून फिरवतात. १९८५ पासून वसंत ऋतूत इथे काबुकीचे प्रयोग होतात आणि टोकियोचे मोठे नट येतात. एप्रिलमध्ये जपानला जाणार असाल तर क्योतो-ओसाकाहून हा वळसा घ्याच. प्रयोग नसतात तेव्हा नाट्यगृह आतून बघता येतं. रंगमंचाखाली उतरून ते लाकडी चक्र हात लावून बघता येतं. चौथ्या मजल्यावरून जे दिसलं ते खालून कसं चालतं हे तिथे समजतं.

नाट्यगृह कोम्पिरा देवस्थानाच्या पायथ्याशी आहे. मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत, म्हणून नाट्यगृह सकाळीच आधी बघून घ्या आणि पायऱ्या त्यानंतर चढा.